पूर ओसरला आणि कादंबरी थांबली

काठावरची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा विचारते आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळायची नाही.

मी कादंबरी लिहिते आहे. पहिलीच. पानशेतच्या पुरावर. १२ जुलै १९६१, बुधवार. माझी आजी तेव्हा पुण्यात नारायण पेठेत, नदीच्या अंगाच्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहायची. पुराबद्दल ती कधी सलग बोलली नाही. पोळ्या लाटताना मध्येच एखादं वाक्य यायचं, 'पाटा सापडला, वरवंटा नाही सापडला', आणि पुन्हा गप्प. ती जाऊन सहा वर्षं झाली. त्या वाक्यांवरूनच मी लिहायला बसले.

गोष्ट अशी: शालन १९ वर्षांची, लग्नाला आठ महिने झालेले. नवरा वसंता एका छापखान्यात खिळे जुळारी, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं हाताने जुळवणारा. वाड्यात नऊ बिऱ्हाडं, एक नळ, मागे एक आड. मी जूनच्या पहिल्या पावसापासून सुरुवात केली आणि एकेक दिवस पुढे सरकत पुरापर्यंत आले. तिकडे वर पानशेतचं मातीचं धरण, १९५७ साली काम सुरू झालेलं, अजून पुरं न झालेलं, आणि त्यात पाणी चढत चाललेलं. हे वाचणाऱ्याला माहीत, शालनला माहीत नाही. त्यामुळे तिने फडताळात खालच्या खणात कैरीच्या लोणच्याची बरणी ठेवली तरी लिहिताना माझ्या पोटात गोळा यायचा. ती बरणी वरच्या खणात ठेव गं, असं सारखं वाटायचं.

१३ प्रकरणं मी जवळजवळ न थांबता लिहिली. पहाटे ५ ते ६.३०, मग डबे, मग पतपेढीतली नोकरी. ३८,००० शब्द झाले. चौदाव्यात पूर आला. तो लिहिताना एका रविवारी सकाळी ८ला बसले ती दुपारी ३ला उठले. पानशेत फुटलं, त्या लोंढ्यापुढे खाली खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही टिकलं नाही, लकडी पूल पाण्याखाली गेला, पेठांमध्ये पाणी शिरलं, वाड्याच्या मातीच्या भिंती खालून विरघळून खचल्या. त्यात वसंता वाहून गेला. रात्री शालन पर्वतीवर उभी आहे आणि खाली चांदण्यात ओला चिखल चमकतो आहे, इथे प्रकरण संपलं.

आणि लिहिणंही संपलं. संक्रांतीला थांबले, आता पाडवा आला.

पंधरावं प्रकरण चार वेळा सुरू केलं. एकदा शाळेतल्या छावणीत. एकदा एकदम दहा वर्षं पुढे, गोखलेनगरच्या पूरग्रस्तांच्या वसाहतीत. एकदा शालनने माहेरी लिहिलेली पत्रं म्हणून. चौथ्यांदा नुसता चिखल. त्या चिखलाची दोन पानं झाली, वाईट नव्हती, पण त्यातून कुणी चालत नव्हतं. गेले सात शनिवार मी ग्रंथालयात जाऊन त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांच्या फायली वाचते आहे. जवानांनी धरणावर रात्रभर वाळूची पोती रचली त्या बातम्या, चौकशी आयोगाच्या बातम्या. दोन वह्या टिपणं झाली. कादंबरीत एक ओळ नाही. पहाटे मात्र रोज उठते. वही उघडते, पहिल्यापासून वाचत येते, चौदाव्याच्या शेवटाला पोचते तोवर डब्यांची वेळ होते.

घरात आता कुणी विचारत नाही. आधी विचारायचे, तेव्हा मी चिडायचे. आता विचारत नाहीत त्याचं जास्त वाईट वाटतं.

मला एवढंच कळून घ्यायचं आहे: हा माझा आळस आहे, की कादंबरीतच काही बिनसलं आहे? आणि ते ओळखायचं कसं? 'रोज लिहीत राहा' हे करून झालं आहे. आजीचं काही तरी माझ्या हातून वाया जातंय असं वाटतं, म्हणून विचारते आहे.

घाटमाथा

ताई, आळस नक्की नाही. आळशी माणूस पहाटे पाचला उठून अडत नाही.

माझ्या दुसऱ्या कादंबरीला १३०व्या पानावर पाच महिने लागले होते. दोन गोष्टींनी फरक पडला. एक, पहिल्यापासून वाचत येणं बंद केलं. तुम्ही रोज तेच करताय, म्हणजे रोजची ताकद झालेल्या कामात जाते आहे. आधीच्या वह्या कपाटात ठेवा, किल्ली घरच्यांकडे द्या. दुसरं, मी शेवटचं प्रकरण आधी लिहिलं. पलीकडचा काठ दिसला की मधलं पाणी किती ते कळतं.

काठावरची

घाटमाथा, वह्या आजच कपाटात ठेवते. शेवटाचं मात्र जमेल असं वाटत नाही. काल रात्री बसून पाहिलं. मला शेवट ठाऊकच नाही. शालन म्हातारी होऊन काय करते आहे हे डोळ्यांपुढे आणलं की आजीच दिसते, पोळ्या लाटताना. शालन दिसत नाही.

पाटीपेन्सिल

तुमचं लिखाण तीनदा वाचलं. मी एका प्रकाशनासाठी अकरा वर्षं हस्तलिखितं वाचण्याचं काम केलं, त्या अनुभवावरून बोलते. स्पष्ट बोलले तर राग मानू नका.

हस्तलिखित मध्यावर मरगळतं तेव्हा लिहिणारी व्यक्ती अडलेल्या पानाशी झटत बसते. मी पाहिलेल्या बहुतेक हस्तलिखितांत दुखणं त्याच्या दहा-वीस पानं आधी होतं. तिथे काहीतरी असं ठरवलेलं असतं, की ते गोष्टीला नको होतं, पण लिहिणाऱ्याला वाटलं की असंच असायला पाहिजे.

म्हणून विचारते, वसंता का गेला?

पुरात गेला हे कळलं. कादंबरीत का गेला? तुमच्या एवढ्या मोठ्या मजकुरात लोणच्याच्या बरणीला दोन वाक्यं आहेत आणि वसंताच्या मृत्यूला एक. 'त्यात वसंता वाहून गेला.' बरणीसाठी तुमच्या पोटात गोळा आला. वसंतासाठी आला का? की पुरावरची कादंबरी म्हणजे जवळचं कुणी गेलंच पाहिजे, असं मनाने घेतलं?

दुसरी गोष्ट. पहिल्या १३ प्रकरणांत तारीख तुमच्यासाठी काम करत होती. १२ जुलै येणार हे वाचणाऱ्याला ठाऊक, त्यामुळे कुणी काही न करतासुद्धा पान पुढे जात होतं. १३ जुलैला सकाळी तो आधार गेला. आता माणसांनाच काहीतरी हवं असलं पाहिजे, आणि ते सहज मिळता कामा नये. शालनला तुम्ही फक्त दुःख दिलं आहे. दुःखाने माणूस एका जागी बसतो. चार वेळा तुम्ही तिला उठवायला गेलात आणि ती उठली नाही, हे मला तरी तिचं खरेपण वाटतं.

तर दोन कामं करा. एक, हात आपोआप चालत होता असं शेवटचं पान शोधा आणि त्यापुढचं सगळं वेगळ्या पिशवीत घाला. फाडू मात्र नका. दोन, १३ जुलैला सकाळी शालनला हवी असलेली एकच वस्तू सांगा. हाताने उचलता येईल अशी. 'आधार', 'आशा' असलं काही चालणार नाही.

फायली वाचणं थोडे दिवस थांबवा. सात शनिवार पुष्कळ झाले.

जुना जुळारी

मुली, मी पंच्याहत्तरीला आलेला माणूस. कादंबरी लिहिलेली नाही, पण खिळे जुळवण्यात पंचवीस वर्षं गेली आणि पुराच्या वेळी मी दहा वर्षांचा होतो, शनिवार पेठेत. म्हणून लिहितो आहे. नातवाने टाईप करून दिलं आहे.

आधी एक दुरुस्ती. त्या रात्री चांदणं नव्हतं. अमावास्या होती. पंचांग काढून बघ. त्यात वीज गेलेली. मी तेवढा अंधार पुन्हा बघितला नाही. चिखल दिसत नव्हता, त्याचा वास येत होता, आणि लांब कुठेतरी भिंत बसल्याचा आवाज यायचा, की सगळे बोलायचे थांबायचे.

आता वसंताबद्दल. वरच्या बाईंनी तो का गेला ते विचारलं आहे. मी विचारतो, त्याच्या केसेसचं काय झालं? तो जुळारी आहे हे तू पहिल्या पानापासून सांगतेस म्हणतेस आणि पुरानंतर छापखान्याचं नावच नाही.

जुळाऱ्याची केस म्हणजे लाकडी ट्रे, त्यात पट्ट्या मारून केलेले बारीक कप्पे. इंग्रजीला थोडक्यात भागतं. आपल्या अक्षरांना काना, वेलांटी, मात्रा, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं धरून शेकडो तऱ्हेचे खिळे लागतात, म्हणून एकाच जुळाऱ्यापुढे अनेक केसेस मांडलेल्या असायच्या. कुठल्या कप्प्यात काय हे डोक्यात नसतं, हातात असतं. डोळे मजकुरावर, डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे ओळीने लावायची पट्टी, उजवा हात आपला आपण जातो. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. पहिले सहा महिने डोकं दुखतं, मग सुलट्यापेक्षा तेच लवकर वाचता येतं.

अशा खोलीत पुराचं पाणी शिरलं की लाकूड फुगतं, कप्प्यांच्या पट्ट्या निसटतात आणि सगळे खिळे एका ढिगात येतात, वर गाळ. शिशाचे, म्हणून वाहून जात नाहीत. तिथेच बसतात. मी १९६८ साली कामाला लागलो त्या छापखान्यात पुरातून काढलेला टाईप अजून चालू होता. जुनी माणसं सांगायची, घमेल्याने उपसून धुतला, दोन पाणी, तीन पाणी, मग गोणपाटावर पसरून एकेक खिळा उचलून नखाने खाचेतली माती काढायची, डोळ्यांसमोर धरायचा, अक्षर ओळखायचं, कप्प्यात टाकायचं. अनुस्वाराचा खिळा एवढासा असतो, गाळात खडा समजून फेकला जातो. मग पुढे महिनोन् महिने मजकुरात अनुस्वार कमी पडतात. आमच्याकडे एक आजोबा होते, ते त्या गाळातून काढलेले अनुस्वार वेगळ्या डबीत ठेवायचे.

आणि जुलै म्हणजे दिवाळी अंकांची कामं तोंडावर आलेली. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती. मजकूर ऑगस्टपासून जुळायला लागायचा. मालकाने शब्द दिलेला असणार आणि टाईप गाळात. जुळारी त्या वेळी काय करेल ते मला ठाऊक आहे. तो घरी थांबणार नाही. घर पडलेलं असलं तरी थांबणार नाही.

त्याला परत आण. काही विचारायचं असलं तर विचार.

घाटमाथा

काका, हे वाचून मी माझं स्वतःचं लिखाण बाजूला ठेवून बसलो आहे. ताई, शेवट आधी लिहा हा माझा सल्ला मागे घेतो. तुम्हाला यांचं ऐकायला हवं.

काठावरची

सात आठवड्यांनी लिहिते आहे. मधे उत्तर दिलं नाही, कारण लिहीत होते.

पाटीपेन्सिल, तुम्ही विचारलेला प्रश्न वाचून मला आधी राग आला. दुपारभर काउंटरवर पासबुकं भरताना मनात तुमच्याशी भांडत होते. संध्याकाळी बसमध्ये कळलं, की वसंता वाहून जातो ते वाक्य मी त्या रविवारी अगदी शेवटी घातलं होतं. सबंध प्रकरण झालं, वाचलं, आणि वाटलं की एवढा मोठा पूर आणि आपल्या घरचं कुणीच गेलं नाही, हे कमी पडेल. आजीच्या घरचं कुणी गेलं नव्हतं. वरवंटा गेला होता. ते मला पुरेसं वाटलं नाही. तिने आयुष्यभर जे सांगितलं ते मी अपुरं मानलं, हे कळल्यावर बसमध्येच डोळे भरून आले.

नऊ पानं काढली. पिशवीत आहेत.

काका, पंचांग पाहिलं. अमावास्याच. माझं चांदणं गेलं आणि त्या जागी पर्वतीवरची रात्र सगळी आवाजांवर लिहिली. ती लिहिताना पहिल्यांदा मला शालन कुठे उभी आहे ते कळलं. आधी मी तिच्याकडे लांबून बघत होते, चांदण्यात. अंधार केल्यावर तिच्या शेजारी जाऊन उभं राहावं लागलं.

आणि ती वस्तू. चार दिवस सुचली नाही. पाटा, मंगळसूत्र, आईने दिलेली साडी, सगळं खोटं वाटत होतं. मग आजीचंच एक वाक्य आठवलं, 'नदी घरात आली आणि प्यायला पाणी नाही'. खडकवासल्याचं धरण गेलं म्हणजे शहराचं पाणीच गेलं. नळ कोरडे. वाड्यातल्या आडात गाळ. तिला एक कळशी स्वच्छ पाणी हवं आहे. एवढंच. १३ तारखेला सकाळी ती कळशी शोधायला निघते आणि पंधरावं प्रकरण सुरू होतं.

वसंता तिला चौदा तारखेला सापडतो, छापखान्यात. तिला वाटत होतं तो आपल्याला शोधत असेल. तो गाळात उकिडवा बसून खिळे वेचतो आहे. ती तिथे कळशी घेऊन उभी. पेठेबाहेरच्या एका विहिरीवर तीन तास रांगेत थांबून भरलेली. हे लिहिताना मला पुढचं काही माहीत नव्हतं. जे झालं ते असं:

'त्याने वर पाहिलं. चेहऱ्यावर गाळ वाळला होता, हसला तेव्हा ओठांपाशी तडकला. "आलीस," म्हणाला. मग त्याची नजर कळशीवर गेली. शालनने कळशी कमरेवरून छातीशी घेतली. "हे प्यायचं आहे," ती म्हणाली. "हो," तो म्हणाला, "प्यायचंच आहे." आणि मूठ उघडून तिच्यापुढे धरली. मुठीत चिखलाचे तीन गोळे होते. "यातलं एक तरी अक्षर बघू दे. चमचाभर पाणी."'

ती देते की नाही, यावर सोळावं प्रकरण उभं आहे. त्या दोघांना एकच पाणी हवं आहे, आणि दोघांचंही बरोबर आहे. मला आता दिवाळीपर्यंत तारीख मिळाली. मधे गणपती येतात. सात आठवड्यांत १४,००० शब्द झाले. रोज सारखे नाहीत. एक आठवडा पतपेढीत वर्षअखेरीचं ऑडिट होतं, तेव्हा काहीच नाही झालं, पण पुन्हा बसले तेव्हा वही परकी वाटली नाही.

घाटमाथा, वह्यांच्या कपाटाची किल्ली मुलीकडे आहे. ती देत नाही. खरंच फायदा झाला.

काका, तुमच्यासाठी एक प्रश्न उरला आहे. मी लिहिलं आहे की वसंता फुगलेल्या केसेस धुऊन गच्चीवर उन्हात वाळत घालतो. जुलैत ऊन कुठलं, हे नंतर लक्षात आलं. मग त्या केसेस वाळवल्या कशा असतील? आणि डबीतले अनुस्वार तुम्ही पाहिले होते का? डबी कसली होती?

जुना जुळारी

ऊन असतं तरी उन्हात घालायच्या नाहीत. ओलं लाकूड एकदम तापलं की पिळवटतं, मग कप्पा सरळ बसत नाही. सावलीत, भिंतीला टेकवून उभ्या करायच्या, खाली विटेचे तुकडे, आणि रोज बाजू फिरवायची. पावसाळ्यात त्याला पंधरा दिवस सहज लागतात. तोवर तात्पुरत्या कागदाच्या पुड्या करून त्यात खिळे ठेवायचे, पुडीवर अक्षर लिहून. तसं लिही.

डबी पाहिली होती. तपकिरीची, पत्र्याची. झाकण घट्ट बसायचं म्हणून ती. कुणी अनुस्वार मागितला की आजोबा आधी जुळवलेला मजकूर बघायचे, खरंच लागतो आहे का, आणि मगच झाकण उघडायचे.